बोरीबंदरचा वाघ

आमच्या घरी संध्याकाळचा भात हरेश उंबऱ्याच्या आत आल्याशिवाय चुलीवर चढत नाही. ही माझी शिस्त. गार भात मी कुणाला वाढला नाही आणि कुणाच्या दारात खाल्ला नाही. रेश्मा सून होऊन आली तेव्हा पहिल्याच दिवशी तिला हे सांगितलं. पोरगी गुणाची, तिनं कधी मोडलं नाही.

हरेश माझा एकुलता. बोरीबंदर स्टेशनाच्या समोरच एका कचेरीत सकाळपाळीचा कारकून आहे. उजाडायच्या आत खर्डीला जाऊन गाडी धरतो, दिवेलागणीला परत येतो. खर्डी स्टेशनापासून आमच्या वाडीला दोन वाटा. एक रिक्षाची सडक, ती लांबून वळसा घेऊन येते. दुसरी पायवाट, सागाच्या रानातून. मधे ओहोळ लागतो, ओहोळ म्हणजे आमची शीव. तो ओलांडला की आमचं खळं आणि मागं घर. हरेश पायवाटेनंच येतो.

मी शाळा दुसरीपर्यंत पाहिली. पाटी फुटली, बापानं नवी आणली नाही, संपलं. पण माणूस आणि जनावर मला कुणी वाचायला शिकवायला लागलं नाही. नवरा गेल्यावर जमीन राखली, पोर शिकवलं, भावकीतल्या कुणाची एका शब्दाची मिजास चालू दिली नाही. माझ्या तोंडाला वाडीत कुणी लागत नाही. हे आधी सांगते, कारण पुढचं ऐकून म्हातारीला भ्रम झाला म्हणणारे निघतील. त्यांनी वाडीत येऊन विचारावं. वाडीला सगळं ठाऊक आहे. तेच तर दुखणं आहे.

बोरीबंदरचं नाव बदललं, त्याच्या पुढच्या साली हरेशनं हट्ट धरला. "आये, माझ्या नोकरीची जागा तरी बघ. म्युझियम दाखवतो, गेटवे दाखवतो, समुद्र दाखवतो."

"समुद्र काय बघायचा? पाणीच ना? ते आमच्या भातसा धरणाचं पण मुंबईच पिते."

"चल गो, नखरे नको करू."

त्याला सुट्टी मिळाली ती नेमकी वाघबारशीची. दिवाळीच्या तोंडावरचा आमचा हा सण. त्या दिवशी गुराखी आणि घरटी एकजण शिवेवर जातात. तिथं वाघोबाचा दगड आहे, शेंदूर फासलेला. त्याला नारळ फोडायचा, तिथंच वाटून खायचा, आणि हात-तोंड ओहोळात धुऊन मगच घरी यायचं. त्यातला कण घरात आणत नाहीत. पोरांचे खिसेसुद्धा तपासतात. वाघोबाचा वाटा घरी नेला, की तो वाट्याच्या मागं घरी येतो, असं सासरे सांगायचे. मानाचा पहिला नारळ आमच्या घरचा. त्या साली तो मी बारकूभावोजींच्या, माझ्या धाकट्या दिराच्या, हातात दिला आणि मुंबईला निघाले. मुंबादेवीसाठी वेगळा नारळ आणि कुंकवाची पुडी पिशवीत घेतली. हिरवं लुगडं नेसले, नथ घातली; नवरा गेला तरी दोन्ही मी सोडली नाहीत. परक्या गावात गबाळं जाणं मला जमत नाही.

स्टेशन बघून मी खरंच गप्प झाले. आमच्या देवळाला जेवढा दगड नाही तेवढा तिथं एका खांबाला. तिकिटाच्या खिडक्यांवर छताला चांदण्या रंगवलेल्या. भिंतीतून मोर, माकडं, खारी बाहेर आलेल्या, आणि माणसांची तोंडं, दाढीमिशीवाली. लोक त्यांच्याखालून धावत होते आणि एकजण मान वर करत नव्हता. मी मान दुखेपर्यंत बघितलं. घडवणाऱ्याचे हात बघायला मिळाले असते तर बरं झालं असतं.

मग फाउंटन झालं, म्युझियम झालं. तिथं काचेत पेंढा भरलेली जनावरं उभी होती, हरणं, अस्वल. त्यात एक वाघही होता. हरेश म्हणाला, "पाया पड की, तुझा वाघोबा."

"त्यात काय राहिलंय पाया पडायला? कातडं आहे नुसतं," मी म्हणाले. हे मुद्दाम सांगते. वाघ दिसला की हात जोडणारी मी नव्हे.

गेटवेला जाऊन समुद्र बघितला. पाणीच होतं. मुंबादेवी राहिली, कारण गाडीची वेळ झाली. परत येताना हरेशनं मला स्टेशनाच्या मोठ्या इमारतीपुढून नेलं. तिथं फाटकाला दोन दगडी खांब आहेत. एकावर सिंह बसलाय, दुसऱ्यावर वाघ.

"सिंह म्हणजे इंग्रज आणि वाघ म्हणजे आपण, असं म्हणतात," हरेश म्हणाला.

सिंहाच्या डोक्यावर, पाठीवर, पंजांवर कबुतरं बसली होती. सगळा विटाळून ठेवला होता. वाघावर एक कबुतर नव्हतं. दगड स्वच्छ. ऊन कललं होतं आणि तो रस्त्यावरच्या माणसांकडे बघत होता, तशीच नजर जशी गुरांमागं झुडपात बसलेल्या जनावराची असते. घाई नसलेली.

म्युझियममधल्याला मी हात जोडले नव्हते. याच्यापुढं ते आपोआप जोडले गेले. वाघबारस होती. नारळ पिशवीत होता. शहरात येऊन मानाचा नारळ चुकवला असं कुणी म्हणायला नको. मी खांबाच्या पायाला कुंकवाचं बोट लावलं आणि फुटपाथच्या कडेवर नारळ फोडला.

लोक थांबले. पोरं हसायला लागली. शिट्टी वाजवत एक पोलीस आला. "ओ मावशी! देऊळ वाटलं का तुम्हाला हे?"

नारळाचं पाणी एका माणसाच्या चकचकीत बुटांवर उडालं होतं. तो बुटांकडे बघून चिडला, मग हरेशकडे बघून थांबला. ते हरेशच्या कचेरीतले मोठे साहेब होते, कमळाकर साहेब. घरी त्यांचं नाव आम्ही रोज ऐकायचो.

"हरेश? तू इथं? कोण रे या बाई?"

हरेशनं माझ्याकडे बघितलं. नथीकडे बघितलं, लुगड्याकडे बघितलं, माझ्या लाल बोटाकडे बघितलं.

"गावच्या आहेत, सर. ओळखीच्या. मुंबई बघायला आल्यात."

साहेब हसले आणि गेले. पोलीसही गेला. हरेशनं खिशातला रुमाल काढून खांबावरचं कुंकू पुसलं, रुमाल पुन्हा खिशात घातला. नारळाच्या दोन्ही कवडी उचलून पिशवीत टाकल्या.

"ते उचलू नको रे," मी म्हणाले.

"गप आये. अजून तमाशा नको."

उभ्या आयुष्यात कुणापुढं खाली घातली नाही ती मान खाली घालून मी पोराच्या मागून चालले. गाडीत मी बायकांच्या डब्यात बसले, तो पुरुषांच्या. पिशवी त्याच्याकडे.

ओहोळापाशी आलो तेव्हा दिवस बुडत होता. मी पिशवी मागितली. कवडी शिवेच्या अलीकडेच टाकून द्यायच्या होत्या. आत एकच होती.

"दुसरी कुठाय?"

"खाल्ली. भूक लागली होती. आता त्याच्यावरून पण बोलणारेस काय?"

मी उरलेली कवड मागच्या झाडीत फेकली. त्याला म्हटलं तोंड धू. तो तसाच पाणी तुडवत पलीकडे गेला. तेवढ्यात आमच्या डोक्यावरच्या सागात वानर ओरडला. खक्क. खक्क. खक्क.

रानाकाठच्या माणसाला तो आवाज कळतो. वानर एरवी किचकिच करतील, हुप्प करतील. खालून मोठं जनावर चाललं की मात्र असा कोरडा खोकला देतात, आणि जनावर पुढं जाईल तसा पुढच्या झाडावरचा देतो. वाघ आमच्या रानात सासऱ्यांनी पाहिलेला, मी नाही. बिबट्या मात्र येतो. मी मागं वळून बघितलं. काही नव्हतं. घरापर्यंत खोकला आमच्यासोबत आला.

गोठ्यात आमची कपिला रवंथ करत होती. हरेशनं लहानपणापासून हातानं चारा दिलेली गाय. तो खळ्यात शिरला तशी ती उठून उभी राहिली. कान पुढं, नाकपुड्या फुगलेल्या. कुत्रा बैलगाडीखाली गेला तो जेवायलाही बाहेर आला नाही.

बिबट्या मागं लागला असेल असंच मला वाटलं. कुणालाही वाटेल.

पण दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. संध्याकाळी लांबून गाडीची शिट्टी ऐकू यायची. थोड्या वेळानं रानाच्या पलीकडच्या टोकाला वानर खोकायचा. मग अलीकडचा. मग ओहोळावरचा. गोठ्यात कपिला उभी राहायची, आणि हरेश खळ्यात पाय ठेवायचा.

मी उगाच घाबरणारी नाही. मी बघून घेतलं. ओहोळाच्या चिखलात सकाळी जाऊन पावलं शोधली. गुरांची होती, बगळ्याची होती, हरेशच्या बुटांची होती. पंजा नव्हता. एक दिवस त्याला रिक्षानं सडकेनं यायला लावलं. त्या दिवशी खोकला सडकेच्या बाजूनं आला. पायवाटेचं रान गप्प. मग एकदा मी स्वतः स्टेशनावर गेले आणि त्याच्या बऱ्याच मागून चालत आले. माझ्या डोक्यावर एक वानर निवांत पाला खात बसला होता. पुढं हरेश चालला होता, आणि त्याच्या वरचे खोकत होते.

त्याच्या मागं काही नव्हतं. मागं मीच होते.

वाडीला कळायला वेळ लागला नाही. हरेशची वेळ झाली की शेजारची धोंडूबाई शेळ्या हाकत आत न्यायची. मग बारकूभावोजींकडून पोरांना हाका यायच्या. दारं लागायची. भांडण नाही, शब्द नाही. माझ्या पोराच्या येण्यावर वाडी दार लावत होती, आणि मी ओटीवर बसून ते बघत होते.

एकदा मला राहवलं नाही. "काय गो धोंडूबाय, दिवस बुडायच्या आधीच शेळ्यांना झोपवतेस? अंगाई पण म्हण!"

एरवी तिनं उलट दोन ऐकवली असती. ती खाली बघून म्हणाली, "गिरजाबाय, राग नको मानू. लेकुरवाळी शेळी हाय."

तिनं भांडायला हवं होतं. तिनं माझी कीव केली. मी उठून आत गेले.

आणि मग भूमिका. माझी नात, शाळेतही न जाणारी. रोज बापाच्या पायांना मिठी मारायला धावणारी. ती माझ्या मागं लपायला लागली.

"काय झालं गो? बाबा हाय."

"आजी, बाबांना भाताचा वास येतो."

मी नीट हुंगलं. खरं होतं. नवा तांदूळ शिजताना झाकण उचललं की येतो तसा वास, गोडसर, दाट. चूल अजून पेटलेली नव्हती. मला सासऱ्यांचं बोलणं आठवलं. ज्या झाडावर वाघ आपली हद्द शिंपून जातो ना सूनबाई, त्या झाडाला भाताचा वास येतो. भुकेलेलं माणूस फसतं.

रेश्मानं तेव्हापासून मुलीला घेऊन आतल्या खोलीत झोपायला सुरुवात केली. हरेश एकटा पडवीत. तो सुकत चालला. कचेरीत त्याला कुणी काही म्हणत नव्हतं, तिथं कुणाला वानरांची भाषा कळत नाही. घरी मात्र पोरगी जवळ येत नव्हती. एका रविवारी तो खाऊचा पुडा हातात घेऊन तिच्यापुढं बसला, आणि ती भिंतीला चिकटून ओरडत राहिली. तो उठला, माझ्यापाशी आला.

"आये, काय करू मी?"

"नारळ घे. बोरीबंदरला चल."

"तिथं? पुन्हा? सगळ्यांच्या समोर?"

"ज्याच्या समोर नाकारलंस त्याच्याच समोर."

त्यानं मान खाली घातली. त्या दिवसाबद्दल आमच्यात झालेलं हे पहिलं बोलणं. पोराची मान खाली गेलेली बघून मला बरं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं.

पुढच्या दिवशी त्याची कचेरी सुटायच्या वेळेला आम्ही त्या फाटकापाशी उभे होतो. मी तेच लुगडं नेसले होते, तीच नथ. सिंहावर कबुतरं होती. या वेळी वाघावरही होती. एक त्याच्या कानावर बसलं होतं, एक डोळ्यांच्या मधोमध. वाघ नुसता दगड दिसत होता. तेव्हा मला ते बरं लक्षण वाटलं.

पोलीस लांब होता. हरेशनं स्वतः नारळ फोडला. दोन्ही कवडी खांबाच्या पायाशी ठेवल्या, तो कुंकू पुसलेला रुमाल काढून त्यांच्याखाली घातला. वाकला. उठला तेव्हा मागं कमळाकर साहेब उभे होते. सुटलेली कचेरी त्यांच्या मागं होती.

"हरेश? हे काय? आणि या त्याच गावच्या बाई ना?"

हरेशचे कान लाल झाले. मी दुसरीकडे बघितलं. मला ते पुन्हा ऐकायचं नव्हतं.

"आई आहे माझी," तो म्हणाला. मग जरा मोठ्यानं, "ही माझी आई, सर. मागच्या वेळी मी खोटं बोललो."

साहेबांनी मला नमस्कार केला. लोक बघत होते. कुणी हसलं असेल, मला ऐकू आलं नाही. माझी छाती एवढी भरून आली की तोंडावर ताबा राहिला नाही. मी वाघाकडे वळले आणि वाडीत बोलते त्याच आवाजात बोलले.

"ऐकलंस? आई मी. त्या घरात मोठी मी. पोराच्या मागं काय लागतोस? तुला काय हवं-नको ते माझ्याशी बोल. माझ्याकडे यायचं."

कानावरचं कबुतर हललंही नाही.

खर्डीला उतरलो, पायवाटेला लागलो. हरेशनं माझी पिशवी घेतली होती आणि बोलत होता, कितीतरी दिवसांनी. साहेब उद्या काय म्हणतील, भूमिकेला शाळेत कधी घालायचं. आणि वर वानर खोकला. हरेश बोलायचा थांबला.

"आये. गेला नाय तो."

"चालत राहा."

ओहोळ आला. "हात-तोंड धू," मी म्हणाले. या वेळी त्यानं धुतलं, चूळ भरली, पाय घासले. मग पलीकडे गेला आणि घराकडे जवळजवळ पळत सुटला. मी पाण्यात वाकून हात धूत होते. वर खोकला चालू होता. हरेश खळ्यापर्यंत पोचला. खोकला त्याच्याबरोबर गेला नाही. तो ओहोळावरच राहिला.

शिवेवर थांबला, मी मनात म्हटलं. आपल्या जागी थांबला. मी ओल्या हातानं नमस्कार केला आणि चढ चढून वर आले. वानरं अजून ओरडत होती, पण मी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. माझं लक्ष खळ्याकडे होतं.

खळ्यात भूमिका बापाच्या गळ्यात होती. त्याच्या मानेत नाक खुपसून हसत होती. कुत्रा गाडीखालून निघून त्याचे पाय चाटत होता. धोंडूबाई कुंपणापाशी उभी राहून बघत होती. तिच्याकडे बघून मी पदर सारखा केला, मान वर केली, आणि माझ्या घराच्या ओटीवर माझ्या जागी जाऊन बसले.

कुत्रा थांबला. माझ्याकडे बघत पोट जमिनीला लावून मागं सरकला आणि गाडीखाली गेला.

गोठ्यात कपिला उठून उभी राहिली.

माझ्या नाकात वास आला. नव्या तांदळाचा, झाकण उचलल्यासारखा. हरेश तर लांब होता, खळ्याच्या पार त्या टोकाला.

"रेश्मा," मी आत हाक मारली, "भात लवकर टाकलास का गो?"

"नाय आई. चूल पेटवायचीय अजून." ती बोलत बोलत दारापर्यंत आली आणि उंबऱ्यात थांबली. नाकाशी पदर नेला. माझ्या तोंडाकडे बघितलं नाही.

कुंपणापाशी धोंडूबाई शेळ्यांना आत घेत होती.

भूमिका बापाच्या कडेवरून उतरून माझ्याकडे धावत निघाली होती.

"भूमिके," रेश्मा हळू आवाजात म्हणाली, "तिकडं नको. मागच्या दारानं आत ये."